बोटाला कळत होतं तोवर

आमच्या मामाने कुणाच्याही गाडीला "छान आहे" म्हटलेलं मी आजवर ऐकलेलं नाही. गाडी नवी कोरी असो, नुसती मिरवायला आणलेली असो, मामा खाली वाकणार, चाकामागे हात घालणार, डोळे मिटणार आणि म्हणणार, "हलतंय." त्यावरून त्याचं नावच हलतंयमामा पडलं. आधी लोक पाठीमागे म्हणायचे, मग तोंडावर म्हणायला लागले, आणि शेवटी मामाच फोन उचलून "हां, हलतंय बोलतोय" असं म्हणायला लागला. त्यापुढे चिडवण्यात काही मजा उरली नाही, पण नाव उरलं.

हलतंय म्हणजे काय, ते सांगायला हवं. गाडीचं पुढचं चाक नुसतं गोल फिरत नाही. ते खड्ड्यात उतरतं, दगडावर चढतं आणि शिवाय डावी-उजवीकडे वळतंही. हे सगळं एकाच वेळी जमावं म्हणून चाकामागे वर एक आणि खाली एक सांधा असतो. वाटीत बसवलेली लोखंडी गोळी, आपल्या खांद्यात असते तशी. मेकॅनिक लोक त्याला बॉल जॉइंट म्हणतात. वाटी झिजली की गोळी आत खुळखुळायला लागते; पण सुरुवातीला इतकी बारीक, की डोळ्यांना दिसत नाही आणि कानांना ऐकू येत नाही. मग कधीतरी भर रस्त्यात गोळी वाटीतून निसटते आणि चाक गाडीखाली दुमडून बसतं. तसं होण्याआधी कुणीतरी सांगावं लागतं, की बाबा रे, जपून. आमच्याकडे ते मामाचं बोट सांगायचं.

या तपासणीला माणसं दोन लागतात. गाडीचं तोंड जॅकवर उचलायचं. एकाने चाक वरून-खालून धरून आत-बाहेर झुलवायचं आणि दुसऱ्याने मागून हात घालून सांध्यावर बोट टेकवायचं. झुलवण्याचं काम मामीचं. मामाचं गॅरेज घराच्या पुढच्या खोलीत. लग्न ठरलं तेव्हा मामीला वाटलं होतं, बरं झालं, नवरा कायम नजरेसमोर राहील. राहिला, पण गाडीखाली. बरीच वर्षं तिला नवऱ्याचे नुसते पायच दिसले. त्यामुळे चाक झुलवताना ती घरातलं सगळं बोलून घ्यायची. तेवढाच वेळ नवरा गप्प आणि जागेवर सापडायचा.

"गॅस संपत आलाय. ताईंचा फोन होता. भाच्याचं कुठे जमलं का विचारत होत्या."

"वरचा ठीक आहे. खालचा गेला."

"मी तुमच्या भाच्याचं बोलतेय."

"तोही हलतोय."

हा भाचा म्हणजे मी, आणि ताई म्हणजे माझी आई. नोकरीचं जमेपर्यंत मामाकडे राहायला आलो होतो, आणि जमेपर्यंत या शब्दाचा अर्थ फार ताणला जातोय हे घरातल्या तिघांनाही कळत होतं. पण ती माझी गोष्ट. इथे मामाची चालू आहे.

मामाला गाडीतलं सगळंच येत होतं असं नाही. विजेचं काम निघालं की तो दोन वायरींकडे असा बघायचा, जणू त्या कुणाच्या तरी भांडखोर सुना आहेत. रंगकाम त्याला जमत नसे. त्याच्याकडे लोक यायचे ते पुढच्या चाकांसाठी, आणि ते काम तो करायचा बोटाच्या टोकाने. गॅरेज चालत होतं ते त्या बोटावर. ते मामालाही ठाऊक होतं, म्हणूनच मागच्या थंडीपासून जे काही होत होतं त्याबद्दल तो एक अक्षर बोलायला तयार नव्हता.

आधी शर्टाची बटणं गेली. म्हणजे होती जागेवरच, पण लागेनात. "हल्ली बटणं फार लहान करतात," मामा म्हणाला. मग कप निसटायला लागले. "या कपांचे कान बघ, कानात बोट जाईल का माणसाचं?" मग नट हातातून पडून गाडीखाली घरंगळायला लागले, तेव्हा त्याने नटांना नावं ठेवली. मामी ऐकून घ्यायची. एकदा भाजी चिरता चिरता एवढंच म्हणाली, "जग लहान होत चाललंय वाटतं. तुम्ही तेवढे आहात तसेच आहात." मामाने पेपर वर धरला. पण तिने त्या दिवसापासून सकाळी त्याच्या शर्टाची बटणं लावायला सुरुवात केली, आणि त्याने लावू दिली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, तशी ती मूठ घरात झाकलेली होती.

अशात गुरांच्या डॉक्टरीणबाईंचा बेडूक आला. बेडूक म्हणजे त्यांची एटीव्ही. चार फुगीर चाकं, वर मोटरसायकलसारखं हँडल, छप्पर नाही, दार नाही. वरच्या उतारांवर रस्ता संपतो आणि गुरं संपत नाहीत, म्हणून बाई ती घेऊन हिंडायच्या. त्या दिवशी बेडकाची पुढची दोन्ही चाकं खाली बाहेर आणि वर आत झुकली होती. दिवसभर डोक्यावर ओझं वाहिलेल्या माणसासारखा तो पाय फाकून उभा होता.

"मामा, हँडल सरळ धरलं तरी ही मनाला येईल तिकडे जाते," बाई म्हणाल्या.

"गुरांमध्ये राहून शिकली असेल."

"हसू नका. काल एका घळीच्या कडेवर होते. उतरून ढकलत मागे आणली."

मामीने चाक झुलवलं. याला बोटाची गरजच नव्हती. कुणी नुसतं शिंकलं असतं तरी सांधे वाजले असते. "हलतंय," मामा म्हणाला, आणि मला वाटतं, किती दिवसांनी इतक्या हलक्या मनाने म्हणाला. दोन्ही बाजूंचे सगळे सांधे बदलायचे ठरलं. "बाई, निवांत राहा. असं बसवून देतो की बोट ठेवायला जागा राहणार नाही."

आता हा सांधा बसवायचा कसा, त्याची मामाची एक पद्धत होती. ती कुठल्या पुस्तकात आहे की नाही ठाऊक नाही, पण आमच्या स्वयंपाकघरात होती. सांध्याची वाटी ज्या ओतीव लोखंडी तुकड्यात घट्ट ठोकून बसवतात, त्याला नकल म्हणतात. चाक त्याच्यावरच बसतं. मोठ्या गॅरेजमध्ये त्यासाठी प्रेस असतो, मामाकडे मामीचा फ्रिज होता. नवे सांधे रात्रभर बर्फाच्या खणात ठेवायचे, म्हणजे ते गारठून जरासे आकसतात. सकाळी नकल शेगडीवर तापवायची, म्हणजे तिचं भोक जरासं फुलतं. मग गार सांधा गरम भोकात हातोडीच्या दोन हलक्या टोल्यांनी आत जातो, आणि दोघं एका उबेला आले की असे घट्ट बसतात की विचारू नका.

"आमच्या लग्नासारखं," मामा नव्या माणसाला सांगायचा.

"गार कोण होतं ते सांगा," मामी आतून ओरडायची.

सगळी गोम होती ती नकल किती तापवायची यात. कमी तापली तर सांधा अडकतो. जास्त तापली तर त्याहून वाईट, कारण वाटीच्या आत प्लॅस्टिकचं पातळ अस्तर असतं आणि ते वितळलं की नवा सांधा जागच्या जागी म्हातारा होतो. मामाचं माप सोपं होतं. नकलीच्या कडेला बोटाचं टोक टेकवत राहायचं. चटका बसला की शेगडी बंद.

त्या सकाळी मी पुढे बसून जुन्या नटांचा गंज घासत होतो. मामी दारात उभी राहून शेजारणीशी बोलत होती. आत शेगडीचा आवाज येत होता, आणि मधूनमधून मामाचा. "अजून गारच आहे. गॅसला जोर नाही." मग थोड्या वेळाने, "काय हे, तापतच नाही." मग मामीचं बोलणं अर्ध्यावर थांबलं.

"काय जळतंय?"

"काही नाही, ग्रीस असेल," मामा आतून म्हणाला.

ग्रीस जळल्याचा वास त्या घरात आम्हाला उदबत्तीइतका ओळखीचा होता. हा तो नव्हता. मामी आत गेली, तिच्यामागे मी. नकल शेगडीवर होती आणि तिच्याभोवतीची हवा थरथरत होती. मामा तिच्याकडे वाकून उभा होता, आणि त्याच्या उजव्या हाताची पहिली दोन बोटं तिच्या कडेवर टेकलेली होती. टेकून राहिलेली. दाराच्या चौकटीवर माणूस सहज बोटं टेकवतो, तशी.

मामीने त्याचं मनगट धरून हात ओढला. बोटांची टोकं पांढरी पडून फुगली होती. मामाने आधी मामीकडे पाहिलं, मग बोटांकडे. जणू ती दुसऱ्याच कुणाची होती आणि कुणी ती त्याला सांभाळायला दिली होती.

"पाण्याखाली धरा."

"अगं, काही झालेलं नाही."

"म्हणूनच म्हणतेय, पाण्याखाली धरा."

नळाखाली हात धरून मामा मला म्हणाला, "फ्रिजमधला सांधा काढ. गरम आहे तोवर बसू दे." मी मामीकडे पाहिलं. ती पट्टी शोधत होती. मामाने फडक्याने नकल उतरवली, डाव्या हाताने सांधा भोकावर ठेवला आणि हातोडी लागलीच नाही. लोण्यात सुरी जावी तसा तो आत गेला. बारीक धूर आला.

"बघ," मामा म्हणाला. "बघ, कसा बसला."

दुपारपर्यंत त्याने उरलेले सांधेही नकल तशीच तापवून बसवले आणि सगळं जोडून टाकलं. बोटांना मामीने पट्टी बांधली होती. नटाच्या भोकातून पिन ओवायला त्याला इतका वेळ लागला, की मी दोनदा पुढे झालो आणि दोनदा त्याने मला डोळ्यांनीच मागे ढकललं. मग गाडीचं तोंड पुन्हा जॅकवर गेलं. मामी चाकापाशी बसली. मामाने डावा हात मागे घालून सांध्यावर बोट ठेवलं आणि डोळे मिटले.

मामीने चाक झुलवलं. आज तिने गॅसचं काढलं नाही की ताईंच्या फोनचं काढलं नाही.

"हलत नाही," मामा म्हणाला.

त्या घरात हे वाक्य मी प्रथमच ऐकत होतो. मामीने चाक सोडलं नाही. पुन्हा झुलवलं, जरा जोरात.

"एकदम पक्का. उतरव गाडी."

"हलतंय," मामी म्हणाली.

"काय?"

"माझ्या हाताला लागतंय. टक् टक् होतंय आत."

"तुझ्या हाताला? तुझं काम काय, माझं काम काय? इतकी वर्षं चाक धरतेस म्हणून मेकॅनिक झालीस?"

"इतकी वर्षं चाक धरतेय म्हणूनच सांगतेय. हलतंय."

तेवढ्यात डॉक्टरीणबाई दारात आल्या. गाडी न्यायला आल्या होत्या, गळ्यात पिशवी, पायात चिखलाचे बूट. "झाली का तयार?" मामा उठला, कपड्यांना हात पुसले आणि म्हणाला, "झाली." मामी खालीच बसून होती. दोन्ही हात चाकावर.

"नाही झाली," ती म्हणाली. "बाई, गाडी मिळणार नाही."

आमच्या मामीने गिऱ्हाइकासमोर मामाचा शब्द कधी खाली पडू दिला नव्हता. खोटं बोलावं लागलं तर बोलली होती. मामाचा चेहरा असा झाला, की मला वाटलं आता पान्हा फेकणार. त्याने फेकला नाही. त्याला तो उचलताच आला नसता, हे मला नंतर सुचलं. त्याने फक्त पट्टीचा हात पाठीमागे नेला.

बाईंनी वाकून चाक धरलं, झुलवलं, आणि उभ्या राहिल्या. "हाताला काय झालं, मामा?"

"भाजलं जरासं."

"त्यांना भाजलेलं कळलंच नाही," मामी म्हणाली. "तुम्ही बघा हो."

"अहो, मी जनावरांची डॉक्टर."

"मग बरोबर माणसाकडे आणलंय."

हसलं कुणी नाही, पण मामाने हात पुढे केला. बाईंनी त्याला डोळे मिटायला सांगितले आणि खिशातून पेन काढलं. "मी डाव्या हाताच्या एका बोटाला टोक लावते. कुठलं ते सांगा."

मामाने डोळे मिटले, कपाळाला आठ्या घातल्या. सांध्यावर बोट ठेवताना घालायचा तशाच. "मधलं," तो म्हणाला.

बाईंनी अजून पेन टेकवलंच नव्हतं.

पुढचं भराभर झालं. माणसांच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, साखरेचं नाव घेतलं, इतकी वर्षं कुठे होतात म्हणून रागावले. मामा म्हणाला, "गाडीखाली." साखरेने बधिर झालेल्या नसांचं विचारलं तेव्हा ते म्हणाले, आहे ते टिकवू, गेलेलं मात्र परत येत नाही. बेडकाचे सांधे मामाने माझ्याकडून उघडवले. आतली अस्तरं मेणासारखी वितळून एका बाजूला गोळा झाली होती. त्याने एकेक नकल उजेडात धरून पाहिली, खाली ठेवली. बाईंनी बेडूक पिकअपवर चढवून शहरातल्या मोठ्या गॅरेजला नेला. जाताना त्या म्हणाल्या, "पुढच्या वेळी इथेच आणेन हं." सगळ्यांनी माना डोलावल्या. अशा वाक्यांना मान डोलवायचीच असते.

मामीने हार मानली नाही. ती मानणाऱ्यातली नाहीच. काही दिवसांनी दूधवाला त्याची जुनी जीप घेऊन आला, वळताना पुढून आवाज येतो म्हणून. मामा नाही म्हणणार, त्याआधीच मामीने जॅक ओढत आणला.

"बोट मी लावते," ती म्हणाली. "चाक तुम्ही झुलवा. काय लागतं ते मी सांगेन, कुठलं काय ते तुम्ही सांगा. हात माझे, डोकं तुमचं."

"आणि मी काय करू?" दूधवाला म्हणाला.

"तू उभा राहा."

मामा चाकापाशी बसला. मामी पदर खोचून मागच्या बाजूला गेली, त्याच्या जागेवर. ते दोघं असे उलटे बसलेले मी पाहिले आणि मला खरंच वाटलं, की जमेल. मामाने चाक झुलवलं.

"लागतंय," मामी म्हणाली.

"काय लागतंय?"

"काहीतरी."

"काहीतरी म्हणजे? टोचल्यासारखं की घासल्यासारखं?"

"तसं नाही. सरकल्यासारखं."

"सगळं सरकतं की गोळी एकटी सरकते? आधी गोळी आणि मग वरचा दांडा, की दोन्ही एकदम?"

"एकदमच वाटतंय. पुन्हा हलवा."

मामाने पुन्हा हलवलं. "दात पडायला येतो तसं लागतं का?"

"दात तर मी जिभेने बघते."

"मग पातेल्यावर झाकण नीट न बसल्यासारखं?"

"हो... नाही. थोडंसं."

"अगं, थोडंसं म्हणजे किती?"

आणि इथे मामा थांबला. तो शब्द शोधत होता. मी इतकी वर्षं त्याला पाहतोय, तोंडाने तो कुणाला हरलेला नाही. प्रत्येक गोष्टीला त्याच्याकडे उपमा तयार. पण त्या एका गोष्टीला त्याने कधी शब्दच दिला नव्हता. बोटाला कळत होतं तोवर तोंडाला कळायची गरजच पडली नव्हती. त्याने हवेत दोन बोटं धरली, ती अंगठ्यावर चोळली, मामीला काहीतरी दाखवायला म्हणून. आणि चोळता चोळता त्यांच्याकडे बघत राहिला. त्यांतून त्यालाही काही कळत नव्हतं.

मामी चाकामागून म्हणाली, "अहो, सांगा ना. मी शिकेन."

"सांगतो," मामा म्हणाला. आणि बसून राहिला.

दूधवाल्याने एकदा उन्हाकडे पाहिलं, एकदा गाडीतल्या कॅनकडे. "मामा, घाई नाही हां. पण दूध नासेल."

मामा गुडघ्यावर हात ठेवून उठला. "दुसरीकडे दाखव."

"कुठे दाखवू?"

"पुलापलीकडे आहे ना, निळ्या दाराचं गॅरेज." त्या गॅरेजवाल्याला मामा आजवर लोहार म्हणत आला होता, आणि लोहाराच्या जातिवंत धंद्याची माफी मागून म्हणत आला होता. "जाताना सावकाश जा. वळणावर ब्रेक जोरात दाबू नकोस."

"तो बरा आहे का पण?"

"त्याची बोटं बरी आहेत."

दूधवाला खो खो हसला. हलतंयमामा विनोद करतो, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं. त्याने गाडी सुरू केली, वळवली, आणि वळताना पुढून तो आवाज आला. कुठला सांधा ते आमच्यापैकी कुणालाच सांगता आलं नसतं. मामी मोरीत हात धुवायला गेली. ग्रीस लवकर निघत नव्हतं, पाणी बराच वेळ वाहत राहिलं. मामा पुढच्या खोलीत स्टुलावर बसला आणि रस्त्यावरून जाणाऱ्या गाड्यांकडे बघत राहिला. दुपार अजून पुरती व्हायची होती.